एरर गेला, फाइल चढली, तरी ओळी कमी का? सीएसव्ही इंपोर्टचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की लॅपटॉपवर एक सीएसव्ही (स्वल्पविरामानं कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) आहे, त्यात २ लाख १४ हजार ओळी आहेत, ती मायएसक्यूएल ८ ह्या डेटाबेसच्या टेबलमधे घालायची आहे, तिथं कोडचा कॉलम इंट (पूर्णांक) ठेवलाय. 'लोड डेटा लोकल इनफाइल' दिलं तर ३९४८ एरर आला, कुणीतरी सांगितल्यावर सर्व्हरवरचं सेटिंग चालू केलं तर २०६८ आला, मग कंटाळून 'लोकल' शब्दच काढला तर १२९० आला, शेवटी कसंबसं चढलं पण टेबलमधे १ लाख ८७ हजारच ओळी दिसतात आणि शेवटच्या कॉलमवर 'व्हेअर' लावलं की काहीच सापडत नाही. हे चार वेगळे प्रॉब्लेम वाटतात पण पहिल्या तिघांचं मूळ एकच आहे, आणि खरा काळजीचा आहे तो चौथा, कारण त्यात एरर येतच नाही. म्हणून पहिले तीन भरभर सांगतो आणि चौथ्यावर जास्त वेळ घेतो.

आधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, ही फाइल उघडणार कोण आहे? कमांड तुम्ही तुमच्या स्क्रीनवर टाइप करता म्हणून फाइलही तुमच्याच मशीनवर शोधली जाईल असं वाटतं, पण तसं नाहीये. 'लोकल' लिहिलं तर तुमचा क्लायंट प्रोग्राम फाइल वाचतो आणि नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवतो. 'लोकल' नाही लिहिलं तर सर्व्हरची प्रोसेस स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या युजरच्या परवानगीनं ती फाइल उघडायला जाते. सर्व्हर डॉकरमधे, म्हणजे वेगळ्या बंदिस्त कंटेनरमधे, असेल तर त्याचं 'स्वतःचं मशीन' म्हणजे कंटेनरच्या आतली फाइल सिस्टिम, तुमच्या डेस्कटॉपवरचा फोल्डर त्याला दिसतच नाही. इंपोर्टचे निम्मे एरर ह्या एका प्रश्नाच्या उत्तरात सुटतात.

आता ३९४८. त्याचा अर्थ सर्व्हरनं लोकल लोडिंग बंद ठेवलंय. ८.० पासून 'लोकल_इनफाइल' हे व्हेरिएबल डिफॉल्टनं ऑफ असतं, आधीच्या व्हर्जनमधे ऑन असायचं, त्यामुळे जुने लेख वाचून कमांड चालवली की इथंच अडकायला होतं (जुन्या व्हर्जनमधे हेच दुखणं ११४८ नंबरनं दिसायचं आणि मेसेज असा असायचा की ही कमांड ह्या व्हर्जनमधे चालत नाही, त्यामुळे लोक बिचारे व्हर्जनच बदलत बसायचे). 'सेट ग्लोबल लोकल_इनफाइल = १' केलं की चालू होतं, पण रीस्टार्ट झाला की परत बंद, टिकवायचं असेल तर 'सेट पर्सिस्ट' किंवा कॉन्फिग फाइलमधे मायएसक्यूएलडीच्या (सर्व्हर प्रोग्रामच्या) सेक्शनखाली लिहायचं.

हे तुम्ही केलंत आणि २०६८ आला. म्हणजे सर्व्हर तयार झाला, आता क्लायंट नाही म्हणतोय. दोन्हीकडे परवानगी लागते. कमांड लाइनचा क्लायंट असेल तर सुरू करतानाच 'लोकल-इनफाइल=१' हा ऑप्शन द्यायचा. वर्कबेंच (मायएसक्यूएलचा खिडक्या-बटणांचा क्लायंट) असेल तर कनेक्शन एडिट करून अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमधे 'अदर्स'च्या बॉक्समधे 'ऑप्ट_लोकल_इनफाइल=१' लिहायचं आणि कनेक्शन बंद करून परत उघडायचं, हे परत उघडायचं राहून जातं म्हणून मुद्दाम सांगतोय. पायथनच्या अधिकृत कनेक्टरमधे 'अलाऊ_लोकल_इनफाइल', पायमायएसक्यूएलमधे नुसतं 'लोकल_इनफाइल', जावाच्या ड्रायव्हरला कनेक्शन यूआरएलमधे 'अलाऊलोडलोकलइनफाइल=ट्रू', पीएचपीत पीडीओला कनेक्ट करतानाच अ‍ॅट्रिब्यूट द्यावा लागतो, नंतर सेट करून उपयोग नाही.

दोन्हीकडे कुलूप का लावलंय हेही समजून घ्या, नाहीतर राग येतो आणि माणूस ते कायमचं उघडं ठेवतो. ह्या प्रोटोकॉलमधे कुठली फाइल पाठवायची हे क्लायंट ठरवत नाही. तुम्ही कमांड पाठवता, सर्व्हर उलट म्हणतो 'अमुक फाइल पाठव', आणि क्लायंट पाठवतो. सर्व्हर प्रामाणिक असेल तर तो तुम्ही लिहिलेलंच नाव सांगेल. पण कुणी मुद्दाम बदललेला सर्व्हर चालवत असेल तर तो तुमच्या मशीनवरची दुसरीच फाइल मागू शकतो, पासवर्डची, कीची, कशाचीही. म्हणून हा ऑप्शन त्या एका कनेक्शनपुरता द्यावा. ८.०.२१ पासून क्लायंटला 'लोड-डेटा-लोकल-डिर' देऊन फक्त एकाच फोल्डरमधल्या फाइलींना परवानगी देता येते, मला तोच मार्ग बरा वाटतो.

मग तुम्ही 'लोकल' काढलंत आणि १२९० आला. आता फाइल सर्व्हर उघडतोय, आणि त्याच्यावर 'सिक्युअर_फाइल_प्रिव्ह'चं बंधन आहे. 'शो व्हेरिएबल्स' करून त्याची किंमत बघा. फोल्डरचं नाव असेल तर फाइल त्याच फोल्डरमधे हवी, नल असेल तर हा रस्ताच बंद, रिकामं असेल तर बंधन नाही. लिनक्सच्या पॅकेजमधे बहुतेक 'व्हार/लिब' खाली 'मायएसक्यूएल-फाइल्स' नावाचा फोल्डर असतो, विंडोजला प्रोग्रामडेटाच्या आत 'अपलोड्स'. ही किंमत सर्व्हर चालू असताना बदलता येत नाही, कॉन्फिग बदलून रीस्टार्ट लागतो, त्यामुळे सेटिंगशी झटापट करण्यापेक्षा फाइलच त्या फोल्डरमधे कॉपी करणं सोपं. शिवाय ह्या प्रकाराला तुमच्या डेटाबेस युजरकडे 'फाइल' प्रिव्हिलेज लागतं आणि ते एका डेटाबेसपुरतं देता येत नाही, ग्लोबलच असतं.

ह्यानंतरही 'फाइल नॉट फाउंड' येऊन कंसात एररकोड १३ किंवा २ दिसू शकतो. २ म्हणजे फाइल खरंच तिथं नाही. १३ म्हणजे आहे पण वाचायची परवानगी नाही, आणि इथं लोक फाइलवर सगळ्यांना वाचायची परवानगी देऊन मोकळे होतात, पण वरच्या प्रत्येक फोल्डरमधून आत जायचीही परवानगी लागते हे विसरतात, तुमचा होम फोल्डर बंद असेल तर आतल्या फाइलची परवानगी बघायला कोणी पोचतच नाही. तेही ठीक असेल तर उबंटूवर अ‍ॅपआर्मर आणि रेड हॅटच्या घराण्यात एसईलिनक्स ह्या जादा सुरक्षा व्यवस्था बघा. मारियाडीबीच्या (मायएसक्यूएलपासूनच निघालेल्या डेटाबेसच्या) सर्व्हिस फाइलमधे 'प्रोटेक्टहोम' चालू असतं, त्यामुळे होममधली फाइल परवानगी कितीही दिली तरी वाचता येत नाही. विंडोजवर अजून एक गंमत होते, पाथमधला उलटा स्लॅश मायएसक्यूएल एस्केप म्हणून वाचतो, म्हणजे फोल्डरचं नाव एन अक्षरानं सुरू होत असेल तर तिथं चक्क न्यूलाइन तयार होते आणि फाइल सापडत नाही. सरळ पुढचा स्लॅश वापरा, विंडोजलाही चालतो.

इथपर्यंतचं सगळं सोपं, कारण मशीन ओरडून सांगतंय. आता तुमच्या हरवलेल्या २७ हजार ओळी.

'लोकल' लिहिलं की त्याच्याबरोबर 'इग्नोर' आपोआप लागू होतं. हे वाक्य दोनदा वाचा प्लीज. सर्व्हरला क्लायंटकडून येणारा डेटा मधेच थांबवायची सोय नसते, म्हणून तो चुकीच्या ओळीवर थांबत नाही, एररचं वॉर्निंगमधे रूपांतर करतो आणि पुढं जातो. स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंमत नाकारणारं सेटिंग) चालू असला तरी. डुप्लिकेट की आली तर ती ओळ सोडून देतो, आकड्याच्या जागी रिकामं आलं तर शून्य घालतो, मजकूर कॉलमपेक्षा लांब असला तर कापतो, आणि शेवटी 'क्वेरी ओके' म्हणतो. ते ओके फक्त कमांड पूर्ण झाली एवढंच सांगतं, डेटा बरोबर आहे असं ते कुठंही म्हणत नाही.

त्या ओकेच्या खालची ओळ वाचायची सवय लावा, रेकॉर्ड्स, डिलीटेड, स्किप्ड, वॉर्निंग्ज. तुमच्याकडे स्किप्ड २७ हजारच्या आसपास असणार असा माझा अंदाज आहे, म्हणजे डुप्लिकेट की. लगेच पुढची कमांड 'शो वॉर्निंग्ज' द्यायची, मधे दुसरी क्वेरी चालवली की ती यादी गेली. यादीत ८.० ला डिफॉल्टनं १०२४ च वॉर्निंग साठतात (आधी ६४ च होत्या), म्हणून यादी संपली म्हणजे वॉर्निंग संपल्या असं समजू नका, एकूण आकडा 'शो काउंट(*) वॉर्निंग्ज' नं कळतो.

आता तुम्ही म्हणाल माझ्या फाइलमधे डुप्लिकेट नाहीतच, मी तपासलंय. फाइलमधे नसतील, पण टेबलमधे जाताना होतात. कोडचा कॉलम तुम्ही इंट ठेवलाय असं तुम्ही लिहिलंय, मग '००१२३' आणि '१२३' हे फाइलमधे दोन वेगळे कोड, टेबलमधे दोन्ही १२३, दुसरा गेला. कोड व्हारकॅर(१०), म्हणजे जास्तीत जास्त १० अक्षरांचा मजकूर, असेल आणि फाइलमधे १२ अक्षरी कोड असतील तर कापल्यावर पहिली दहा अक्षरं सारखी निघालेले सगळे एकमेकांवर आपटतात. आणि ८.० चं डिफॉल्ट कोलेशन (अक्षरांची तुलना करायचे नियम) लहान-मोठी अक्षरं सारखीच धरतं, त्यामुळे फक्त अक्षराच्या आकारानं वेगळे असलेले कोडही डुप्लिकेट ठरतात. ज्याच्यावर तुम्ही कधी बेरीज-वजाबाकी करणार नाही तो आकडा नाहीये, तो मजकूर आहे, पिनकोड, फोन, खातं नंबर, एम्प्लॉयी कोड सगळे व्हारकॅर.

शेवटच्या कॉलमचं दुखणं वेगळं. तुमची फाइल विंडोजवर तयार झालीय, तिथं ओळीच्या शेवटी दोन बाइट असतात, कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन. तुम्ही 'लाइन्स टर्मिनेटेड बाय' मधे काही लिहिलं नाही, मग डिफॉल्ट नुसती न्यूलाइन, आणि तो कॅरेज रिटर्न तुमच्या शेवटच्या कॉलमच्या शेपटीला चिकटून टेबलमधे गेला. स्क्रीनवर दिसत नाही पण 'व्हेअर स्टेटस = येस' जुळत नाही. खात्री करायची तर त्या कॉलमवर 'हेक्स' फंक्शन (मजकुराचे बाइट उघडे करून दाखवणारं) लावा, शेवटी ०डी दिसला की तोच. उपाय म्हणजे टर्मिनेटरमधे बॅकस्लॅश आर आणि बॅकस्लॅश एन दोन्ही लिहायचे. पण फाइल न बघता आंधळेपणानं दोन्ही लिहू नका, कारण उलटं झालं, म्हणजे फाइलमधे नुसती न्यूलाइन आणि तुम्ही दोन्ही मागितले, तर सर्व्हरला ओळीचा शेवट सापडतच नाही, अख्खी फाइल एकच ओळ समजली जाते आणि टेबलमधे एकच रेकॉर्ड येतं, आणि हेडर सोडायला 'इग्नोर १ लाइन्स' लावलं असेल तर शून्य. 'शून्य रो अफेक्टेड' दिसलं की पहिला संशय हाच.

तसंच सगळी ओळ पहिल्याच कॉलममधे येऊन बाकीचे रिकामे असतील तर तुम्ही 'फील्ड्स टर्मिनेटेड बाय' विसरलात, डिफॉल्ट टॅब आहे, स्वल्पविराम नाही.

अवतरण चिन्हांचा घोळ मी स्वतः भोगलाय म्हणून जरा सांगतो. एका कामात मालाची यादी चढवत होतो, रेकॉर्ड्सचा आकडा फाइलपेक्षा साडेतीनशेनं कमी, पण स्किप्ड शून्य आणि डुप्लिकेट तर नव्हतेच. दोन दिवस शोधलं. शेवटी वर्णनाच्या कॉलमची लांबी मोजली, 'मॅक्स(लेंग्थ)', तर एका फील्डमधे हजारो अक्षरं. उघडून बघतो तर त्या एका फील्डच्या पोटात पुढच्या कित्येक ओळी जशाच्या तशा बसलेल्या. झालं असं होतं की वर्णन अवतरण चिन्हानं सुरू होत होतं पण बंद करणारं चिन्ह शब्दाच्या मधेच होतं, फील्डच्या शेवटी नव्हतं. मायएसक्यूएलचा नियम असा, की फील्ड अवतरणानं सुरू झालं तर बंद करणारं चिन्ह तेच, ज्याच्या लगेच पुढं स्वल्पविराम किंवा ओळीचा शेवट आहे. तसं चिन्ह मिळेपर्यंत तो गिळत जातो, ओळी ओलांडून. तेव्हापासून प्रत्येक इंपोर्टनंतर मजकुराच्या प्रत्येक कॉलमची जास्तीत जास्त लांबी बघतो, एका मिनिटाचं काम आहे.

डेटात बॅकस्लॅश असतील (फाइलींचे पाथ वगैरे) तर 'एस्केप्ड बाय' रिकामं द्या, नाहीतर ते खाल्ले जातात.

रिकाम्या जागा आणि तारखा. रिकामं फील्ड म्हणजे नल नाही, मायएसक्यूएलला नल हवा असेल तर फाइलमधे बॅकस्लॅश एन (मोठा एन) लागतो, जो एक्सेल कधीच लिहीत नाही. त्यामुळे कॉलमच्या यादीत थेट कॉलमऐवजी व्हेरिएबल घ्यायचं, '@रक्कम' असं, आणि पुढं 'सेट रक्कम = नलइफ(@रक्कम, रिकामं)'. तारखेला हेच करून 'स्ट्र_टू_डेट' मधे दिवस/महिना/वर्ष असा फॉरमॅट द्या. हे नाही केलं तर १०/११/१२ अशी तारीख मायएसक्यूएल निमूटपणे २०१० सालचा ११ वा महिना १२ तारीख म्हणून घेतो, आणि अशी चूक सहा महिन्यांनी रिपोर्टमधे सापडते. फॉरमॅट नेहमी स्वतः लिहून द्यायचा.

मराठी मजकूर असेल तर 'कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४' कमांडमध्येच लिहा. 'सेट नेम्स' केलंय म्हणून भागत नाही, लोड डेटा फाइलचं एन्कोडिंग ठरवताना 'सेट नेम्स' बघतच नाही, डेटाबेसचा डिफॉल्ट धरतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ८ मधे ३ बाइटचं, त्यामुळे जुन्या तीन बाइटवाल्या 'यूटीएफ८'मधे मराठी नीट बसतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं, मग कुणीतरी नावापुढं इमोजी टाकतो, तो ४ बाइटचा, आणि तिथं मोडतं. फाइलच्या सुरुवातीला बीओएमचे (एन्कोडिंगची खूण म्हणून घातलेले) तीन बाइट, ईएफ बीबी बीएफ, असू शकतात, एक्सेलचं 'सीएसव्ही यूटीएफ-८' ते घालतं. हेडरची ओळ सोडत असाल तर ते तिच्याबरोबर जातात, पण हेडर नसेल तर पहिल्या ओळीचा पहिला कॉलम नासतो, फक्त तेवढाच, म्हणून लक्षात येत नाही.

एक्सेलबद्दल एवढंच, की सीएसव्ही 'नुसती बघायला' म्हणून एक्सेलमधे उघडून सेव्ह करू नका. पुढची शून्यं जातात, १५ अंकांच्या पुढचे आकडे शून्य होतात, तारखा बदलतात. शीटला ओळींची मर्यादाही आहे, नव्या फॉरमॅटला १०,४८,५७६ आणि जुन्या एक्सएलएसला ६५,५३६. २०२० मधे इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडून कोविडच्या १५,८४१ केसेस अहवालातून गळल्या त्या ह्या जुन्या फॉरमॅटच्या मर्यादेमुळेच. बघायची तर साध्या टेक्स्ट एडिटरमधे बघा.

आता तुम्ही काय करा ते सांगतो. सध्याचं टेबल दुरुस्त करायच्या नादी लागू नका. एक कच्चं टेबल करा, सगळे कॉलम टेक्स्ट, कुठलीही युनिक की नाही, फक्त सुरुवातीला एक ऑटो इन्क्रिमेंट नंबर. फाइल त्यात लोड करा, कमांडमधे कॉलमची यादी देऊन आणि तो नंबर त्यातून वगळून, नाहीतर फाइलचा पहिला कॉलम नंबरमधे जाईल. इथं काही कापलं जाणार नाही आणि काही डुप्लिकेट ठरणार नाही, म्हणजे वॉर्निंग शून्यच यायला हव्यात, आल्या तर दोष टर्मिनेटरचा, अवतरणांचा किंवा एन्कोडिंगचा, दुसरं काही नाही. ओळी फाइलशी जुळवा. 'डब्ल्यूसी' (लिनक्सची ओळी मोजायची कमांड) नं मोजत असाल तर हेडरची एक वजा, आणि शेवटच्या ओळीला न्यूलाइन नसेल तर तो एक कमी मोजतो, फील्डच्या आत न्यूलाइन असतील तर जास्त मोजतो, ह्या तिन्ही गोष्टी धरून फरक शून्य आला पाहिजे. मग कोडवर 'ग्रुप बाय' करून एकापेक्षा जास्त असलेले बघा, तारखा आणि आकडे रूपांतर करून नल होणारे बघा, आणि मगच 'इन्सर्ट सिलेक्ट' नं खऱ्या टेबलमधे न्या, तिथं 'इग्नोर' न लावता, म्हणजे स्ट्रिक्ट मोड त्याचं काम करेल. दोन पायऱ्या वाढतात पण वेळ फार जात नाही, लोड डेटा हे एकेक इन्सर्टपेक्षा साधारण २० पट जलद असतं असं मायएसक्यूएलचं मॅन्युअलच सांगतं. वर्कबेंचच्या इंपोर्ट विझार्डनं हे करू नका, तो एकेक ओळ इन्सर्ट करतो, २ लाखांना जेवून आलात तरी चालूच असेल.

पोस्टग्रेस ह्या दुसऱ्या डेटाबेसवर असाच प्रश्न विचारणाऱ्यांसाठी, तिथंही पहिला प्रश्न तोच. नुसतं 'कॉपी' म्हणजे फाइल सर्व्हर उघडणार, त्याला सुपरयुजर किंवा 'पीजी_रीड_सर्व्हर_फाइल्स' हा रोल लागतो. पीएसक्यूएल ह्या त्याच्या क्लायंटमधलं बॅकस्लॅशवालं 'कॉपी' म्हणजे फाइल तुमचा क्लायंट उघडणार, ते एकाच ओळीत लिहावं लागतं. स्वभाव मात्र बरोबर उलटा, एक ओळ चुकली की अख्खा इंपोर्ट रद्द, ओळ नंबरसकट सांगतो. लोकांना ह्याचा त्रास होतो, मला आवडतं. १७ व्या व्हर्जनमधे 'ऑन_एरर इग्नोर' आलंय, पण ते वापरलंत तर मग वर सांगितलेली मोजणी तिथंही करावी लागेल. आणि आयडी फाइलमधून घातले असतील तर सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारा काउंटर) पुढं सरकत नाही, 'सेटव्हॅल' करा, नाहीतर पुढच्या साध्या इन्सर्टला डुप्लिकेट की येईल आणि इंपोर्टशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानात येणार नाही.

हे करून बघा. कच्च्या टेबलमधेही ओळी कमी आल्या तर इथं तीन गोष्टी टाका, लोडनंतरची रेकॉर्ड्स-स्किप्डवाली ओळ, 'शो वॉर्निंग्ज'च्या पहिल्या दहा ओळी आणि फाइलच्या पहिल्या दोन ओळींचा हेक्स डंप (खरी नावं, फोन नंबर बदलून). आणि काम झालं की 'सेट ग्लोबल लोकल_इनफाइल = ०' करायला विसरू नका, 'पर्सिस्ट' केलं असेल तर 'सेट पर्सिस्ट'नंच ०, आणि कॉन्फिगमधे लिहिलं असेल तर तिथूनही काढा.